बाईंचा बटवा

मला त्या बाईंचा राग येतो. अजून येतो. ते घर सुटलं, गाझियाबाद सुटलं, मग दिल्लीच सुटली. पण कुणाचा कॉम्प्युटर बंद पडला आणि शेजारचा कुणी सहज म्हणाला, "फॉरमॅट मारून टाका," की बाईंचा चढा आवाज माझ्या कानात सुरू होतो आणि त्याच्या मागोमाग माझा राग. गेलेल्या माणसाबद्दल गोड बोलावं अशी आपल्याकडे रीत आहे. बाई गेल्याचं नवऱ्यानं फोनवर सांगितलं तेव्हा मला आधी रडू आलं आणि रडता रडता पुन्हा राग आला. तेव्हा गोड बोलायचं काम दुसऱ्या कुणीतरी करावं.

पुण्याहून आम्ही तिकडे गेलो ते नवऱ्याच्या नोकरीपायी. त्याचं ऑफिस नोएडात. दिल्लीतली भाडी झेपत नव्हती, म्हणून सगळे जात होते तसे आम्हीही यमुनेपलीकडे, गाझियाबादच्या एका नव्या वसाहतीत गेलो. नवी म्हणजे इतकी नवी की रस्ते नकाशात होते आणि जमिनीवर खड्डे. मॉल मात्र आधी झाला होता. मॉलमध्ये दिवसाढवळ्या लखलखाट आणि आमच्याकडे भर दुपारी पंखे बंद. कुणी तक्रार केली की प्रॉपर्टी डीलर म्हणायचा, "अजी, डेवलप हो रहा है एरिया. थोड़ा टाइम दो."

घर मराठी बाईंचं आहे, एकट्याच असतात, असं कळल्यावर आम्हाला वाटलं, चला, निदान सणासुदीला कुणी हाक तरी मारेल. दार उघडलं तर समोर सुती साडी आणि खाली स्पोर्ट शूज. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, आणि त्या जुडग्यात किल्ल्यांच्या बरोबरीनं लटकणारा एक पेनड्राइव्ह. दिल्लीकडचे घरमालक पहिला प्रश्न विचारतात तो व्हेज की नॉनव्हेज. बाईंनी बसाही म्हटलं नाही. विचारलं, "घरात कॉम्प्युटर आहे?"

"आहे ना," नवरा म्हणाला.

"बिघडला तर काय करता?"

नवऱ्याला वाटलं, आपल्या क्षेत्रातला प्रश्न आला. छाती फुगवून म्हणाला, "काही नाही, सरळ फॉरमॅट मारतो. तासाभरात नवा कोरा."

"घर द्यायचं नाही मला," बाई म्हणाल्या आणि दार लोटायला लागल्या.

मी मध्ये पाय घातला. म्हटलं, "बाई, याला काही कळत नाही. माझा कॉम्प्युटर वेगळा आहे आणि मी याला त्याला हात लावू देत नाही." हे खरंच होतं. बाईंनी माझ्याकडे नीट बघितलं. घर मिळालं. भाड्याच्या बोलण्यात एक अट आमच्याकडून तोंडी कबूल करून घेतली: या घरात कुठल्याही यंत्राला, काही झालं तरी, फॉरमॅट मारलं जाणार नाही. नवरा मला जिन्यात म्हणाला, "ही बाई वेडी आहे." मी म्हटलं, "हळू बोल, खाली ऐकू जातं." खालून आवाज आला, "गेलं ऐकू!"

'बाई' ही हाक त्यांनीच ठरवून दिली होती. दिल्लीत पन्नाशी ओलांडलेली कुठलीही स्त्री आंटी असते. भाजीवाला आंटी म्हणतो, बँकेतला मॅनेजर आंटी म्हणतो. आमच्या ब्लॉकचे सेक्रेटरी बाईंहून चांगले आठ-दहा वर्षांनी मोठे होते, तेही 'आंटीजी' म्हणत. दर वेळी बाई दारात उभ्या राहून त्यांना विचारत, "किसकी आंटी? आपकी? आप मुझसे बड़े हैं, शर्म नहीं आती?" सेक्रेटरी हसत आणि जाताना म्हणत, "अच्छा आंटीजी, नमस्ते." मला वाटतं, बाईंचं अर्धं रक्त त्या माणसानंच आटवलं.

बाई जन्मानं दिल्लीकर. वडील केंद्र सरकारात कारकून, लहानपण लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरात, शाळा पहाडगंजची, मराठी माध्यमाची. लग्न केलं नव्हतं. का, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. नोकरी एका सरकारी खात्याच्या कॉम्प्युटर विभागात केली, ती कपाटाएवढी यंत्रं होती तेव्हापासून. मग ते खुलं धोरण आलं, परदेशी कंपन्या आल्या, खात्यात टेबलाटेबलावर नवे कॉम्प्युटर आले आणि जुन्या चुंबकी फिती एका उन्हाळ्यात ट्रकमध्ये भरून भंगारात गेल्या. त्यांच्यावर काय आहे हे उघडून बघू द्या म्हणून बाईंनी साहेबांच्या दारात धरणं धरलं. साहेब म्हणाले, "मैडम, नया सिस्टम आ गया है, पुराने का क्या करेंगे?" बाईंनी वेळेआधी निवृत्ती घेतली. ही हकीकत सांगताना त्यांचा चहा बशीत सांडायचा, आणि "साहेब" या शब्दाच्या आधी त्या जो शब्द वापरत तो इथे लिहिता येणार नाही.

तेव्हापासून फॉरमॅट या शब्दाशी त्यांचं वैर. आमच्या मार्केटमध्ये कॉम्प्युटर दुरुस्तीची दुकानं पावसाळ्यातल्या भूछत्रांसारखी उगवली होती आणि प्रत्येक दुकानात एकच औषध. पंखा वाजतोय? फॉरमॅट. कीबोर्डचं एक बटण अडकतंय? फॉरमॅट. "डॉक्टरकडे पडसं घेऊन गेलं," बाई म्हणायच्या, "तर तो काय आधी स्मशानात नेतो का? हे नेतात! आणि माणसं हात जोडून नेऊ देतात!" कुणाची लग्नाची छायाचित्रं गेली, कुणाचे दहा वर्षांचे हिशेब गेले, कुणाच्या मुलीच्या नाचाचं चित्रीकरण गेलं. सगळे नुसते म्हणायचे, "क्या करें, हो जाता है." या 'हो जाता है'वर बाई जितक्या भडकायच्या तितक्या शिवीवरही भडकत नसत.

म्हणून तो बटवा. जुडग्यातल्या पेनड्राइव्हचं हे नाव. घरोघरच्या आजीबाईच्या बटव्यात जसा ओवा, हिंग, मुरुडशेंग असते, तसं यात सगळं होतं. कॉम्प्युटर स्वतःच्या पायावर उठेनासा झाला की हा पेनड्राइव्ह त्याला लावायचा आणि त्याला सांगायचं की बाबा, स्वतःच्या डिस्ककडे बघू नकोस, याच्यावरून जागा हो. मग मेलेला कॉम्प्युटर उठून बसे, आणि बाई त्याची तपासणी करत. मेमरी तपासायचं एक अवजार, त्याला त्या नाडी म्हणत. डिस्कची प्रकृती सांगणारं दुसरं. विषाणू मारणारं तिसरं. आणि सगळ्यांत मोलाचं ते, मरणाऱ्या डिस्कवरून जमेल तेवढं उचलून दुसरीकडे ठेवणारं. 

हा बटवा बांधायचा विधीही बाईंचा स्वतःचा. दर वर्षी खंडेनवमीला. एरवी त्यांना देवाला हात जोडताना मी पाहिलं नाही, पण त्या दिवशी पाटावर पेनड्राइव्ह, स्क्रू-ड्रायव्हरचा संच, धूळ झटकायचा ब्रश मांडून झेंडूचं फूल वाहत. मी पहिल्या वर्षी भक्तिभावानं हळदकुंकू घेऊन गेले तर ओरडल्या, "कुंकू पेनड्राइव्हच्या आत गेलं म्हणजे? अक्कल आहे का?" पूजा झाली की जुनी झालेली अवजारं काढून नवीन भरायची. नुसती फाइल उचलून पेनड्राइव्हवर टाकली तर त्यावरून कॉम्प्युटर उठत नाही. काळ्या पडद्यावर एका ओळीची आज्ञा द्यावी लागते: ही वस्तू या डिस्कवर उतरव. डिस्क कुठली, ते कॉम्प्युटरनं तिला दिलेल्या अक्षरावरून सांगायचं. बाई मला शिकवत होत्या. "हे अक्षर बघ. मग पुन्हा बघ. मग पाणी पिऊन ये आणि पुन्हा बघ. ही आज्ञा आपल्याला विचारत नाही, 'नक्की का' म्हणून. दिलीस की दिलीस." आणि झाल्यावर तो पेनड्राइव्ह खरोखर एखाद्या कॉम्प्युटरला लावून, तो उठतोय हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय बटवा जुडग्यात जात नसे.

"उघडून बघितलंस का?" हा त्यांचा प्रश्न होता. तो कॉम्प्युटरपुरता नव्हता. मटारच्या शेंगा घेतल्या, उघडून बघितलंस का? कुरिअरनं पार्सल आलं, उघडून बघितलंस का? माझ्या आईनं पुण्याहून मेतकूट पाठवलं, ते बाईंना नेऊन दिलं, तर आभाराच्या जागी हाच प्रश्न. उघडल्यावर पिशवी आतून फाटलेली निघाली आणि त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मेतकूट मीच सांडलं होतं. 

त्या कुणाचं काम नाही म्हणायच्या नाहीत आणि कुणाचं काम गोड तोंडानं करायच्या नाहीत. लोक कॉम्प्युटरचं धूड रिक्षात घालून आणायचे, बाई त्यांना बोल बोल बोलायच्या, ते निमूट ऐकून घ्यायचे, दुसऱ्या दिवशी मुलीचा नाच परत घेऊन जायचे. गल्लीत बाहेर पडल्यावर म्हणायचे, "आंटी का दिमाग़ खराब है, पर हाथ में जादू है." माझं डोकं फिरायचं. ज्या बाईनं तुमचं घर वाचवलं तिला दिमाग़ खराब! एकदा मी गच्चीतून तसं ओरडलेही. बाई खालून म्हणाल्या, "तू कशाला ओरडतेस? ते माझं काम आहे."

आता माझं काम काय होतं ते सांगते. मी दिल्लीतल्या जुन्या मराठी बायकांवर प्रबंध लिहीत होते. लग्न होऊन, किंवा वडिलांच्या बदलीबरोबर, कोवळ्या वयात तिथे आलेल्या, आता सत्तरी-ऐंशी पार केलेल्या बायका. त्यांच्या घरी जायचं, छोटा रेकॉर्डर समोर ठेवायचा आणि त्यांना बोलू द्यायचं. रेकॉर्डर लवकर भरायचा, मग ते सगळं कॉम्प्युटरवर चढवायचं आणि रेकॉर्डर मोकळा करायचा. तीन वर्षांचं काम त्या एका कॉम्प्युटरमध्ये होतं. बाईंनाही मी विचारलं होतं. म्हणाल्या, "मी म्हातारी नाही."

त्यांतली एक मुलाखत बाकी सगळ्यांच्या वर होती. पहाडगंजच्या आजींची. स्टेशनजवळच्या हॉटेलांच्या मागच्या गल्लीत, घाऊक सामानाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत त्या राहायच्या. मराठी शाळेत त्यांनी उभा जन्म शिकवलं होतं. फाळणीच्या वर्षी शाळेच्या वर्गांत निर्वासित कुटुंबं उतरली, तेव्हा त्यांनी गच्चीवर वर्ग भरवला. लाहोरहून आलेली एक लहान मुलगी रोज कोपऱ्यात येऊन बसायची आणि मुलांबरोबर पावकीचा पाढा म्हणायची. कित्येक वर्षांनी ती मुलगी, आता आजी झालेली, नातवाला घेऊन त्यांच्या दारात आली आणि नमस्कार करायच्या आधी उंबऱ्यातच तिनं पंजाबी हेल काढून पावकी म्हणून दाखवली. हे सांगताना आजी स्वतःच ती तशी म्हणायच्या आणि हसायच्या, आणि हसताना त्यांची कवळी टक् वाजायची. मुलाखत झाली त्याच थंडीत आजी गेल्या. माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण म्हणजे त्यांचा तो आवाज होता. ती मुलाखत कागदावर उतरवायचं मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं, सणाचा पदार्थ ताटात शेवटी खावा तसं.

आणि एका सकाळी माझा कॉम्प्युटर उठला नाही. आतून बारीक खट् खट् आवाज. बाई त्या दिवशी दिल्लीला गेल्या होत्या, म्हणून नवरा मार्केटमधल्या दुकानदाराला घेऊन आला. त्यानं पेटी उघडलीसुद्धा नाही. "मैडम, विंडो उड़ गई है. फॉरमॅट मार देते हैं, शाम तक रेडी." मी त्याला म्हटलं, माझी तीन वर्षं आहेत यात. तो म्हणाला, "हो जाता है मैडम, टेंशन मत लो." मी त्याला दाराबाहेर काढलं.

बाई परत आल्या, कान लावून तो खट् खट् ऐकला आणि त्यांचा चेहरा उतरला. ओरडल्या नाहीत, यावरूनच मी समजले. बटवा लावला, कॉम्प्युटर उठवला, शेजारी एक नवी डिस्क जोडली. म्हणाल्या, "ही मरतेय. किती वेळ देईल सांगता येत नाही. मधेच मेली तर जेवढं निघालं तेवढंच आपलं. तेव्हा सगळ्यांत आधी काय काढू? एकच सांग."

"पहाडगंजच्या आजी," मी म्हटलं.

त्यांनी सगळ्यांत आधी आजींना काढलं. नव्या डिस्कच्या अगदी सुरुवातीला. मग बाकीच्या बायका, एकेक करून. संध्याकाळपर्यंत सगळ्याजणी इकडे आल्या आणि जुनी डिस्क शेवटची एकदा खट् करून कायमची गप्प झाली. तरी बाई काम झालं म्हणेनात. उघडून बघायचं राहिलं होतं. त्यांनी पहिली फाइल उघडली, आजींचा आवाज सुरू झाला, आणि बाई खुर्चीत ताठ झाल्या. मांडीवर हात घेतलेले, पाय जुळवलेले. ती मुलाखत त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली. मध्ये मी काही बोलायला गेले तर हातानंच गप्प केलं. संपल्यावर म्हणाल्या, "आम्हाला चौथीला होत्या. गणित चुकलं की बोटांच्या पेरांवर पट्टी मारायच्या. उभी." आणि पुन्हा पुढच्या फाइलीकडे वळल्या.

"आता एक प्रत झाली," त्या म्हणाल्या. "एक प्रत म्हणजे शून्य प्रत. रविवारी दुसरी करते, मग घेऊन जा."

त्या रविवारी काय घडत होतं ते मला वरच्या मजल्यावर सगळं ऐकू येत होतं, फक्त कळत नव्हतं; अर्थ मी नंतर जुळवला. बाईंनी दुसरी प्रत करायला घेतली होती. दारावरची बेल वाजली. सेक्रेटरी. "आंटीजी, मेरा वाला पेनड्राइव बन गया? बेटे का कंप्यूटर अटका पड़ा है." बाईंचा बटवा बघून त्यांनाही स्वतःचा एक हवा होता. बाई म्हणाल्या, "शाम को." थोड्या वेळानं पुन्हा बेल. "आंटीजी, कल उसका प्रोजेक्ट है." बाई म्हणाल्या, "शाम को बोला ना!" तिसऱ्यांदा बेल आणि सेक्रेटरींचं हसणं, "आंटीजी, दस मिनट का तो काम है!"

"दस मिनट का है तो आप कर लीजिए!" बाई अशा ओरडल्या की समोरच्या घरातली माणसं बाल्कनीत आली. दार आपटल्याचा आवाज. या माणसाला एकदाचं घालवावं म्हणून त्यांनी माझ्या प्रतीचं काम बाजूला ठेवलं आणि त्याचा पेनड्राइव्ह घेतला. माझी डिस्क तशीच जोडलेली राहिली. अक्षर बघितलं असणार, पुन्हाही बघितलं असणार. तेवढ्यात लाइट गेली. माझा मिक्सर थांबला, दाराजवळचा इन्व्हर्टर घुर्र करून सुरू झाला. डोळ्याचं पातं लवेल तेवढ्या वेळात खाली बाईंचा कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा उठला, आणि उठताना त्यानं डिस्कांना अक्षरं उलटसुलट दिली. पेनड्राइव्हचं अक्षर माझ्या डिस्कला. बाई रागानं धुमसत होत्या. या वेळी बघितलं नाही. आज्ञा दिली.

बाई कधी जिना चढून वर यायच्या नाहीत, खालूनच हाक मारायच्या. त्या दिवशी आल्या. दारात बुटांसकट उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तुझी डिस्क मी पुसली."

मला कळेना. मग म्हणाल्या, "सगळी नाही. पेनड्राइव्हवर जायचं ते हिच्यावर गेलं. सुरुवातीचा भाग गेला. पुढचं निघेल."

"सुरुवातीला काय होतं?" मी विचारलं, आणि विचारतानाच मला ते माहीत होतं. 

मी ओरडले. मी त्यांना काय काय बोलले! तुम्ही जगाला शिकवता, तुम्ही साऱ्या ब्लॉकला मूर्ख म्हणता, तुमच्यापेक्षा तो मार्केटमधला बरा, त्यानं निदान आधी सांगितलं तरी होतं की पुसणार आहे. आजी पुन्हा मेल्या, आणि या वेळी तुम्ही मारल्यात. बाई उभ्या होत्या. लाइट गेली होती हे त्यांनी सांगितलं नाही. सेक्रेटरीचं नाव घेतलं नाही. मी दमून थांबले तर म्हणाल्या, "झालं? अजून बोल." त्याचा मला सगळ्यांत जास्त संताप आला. माणसानं एखादी तरी सबब द्यावी, म्हणजे समोरच्याला ती फेकून मारता येते.

पुढचे कित्येक दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. निरोप नवऱ्याच्या तोंडून. बाईंनी बटव्यातल्या अवजारानं बाकीचं सगळं काढलं, पण आलं ते बेनाव. फाइलींची नावं पुसली गेली होती, नुसते आकडे उरले होते. कुठली बाई कोण, हे ऐकल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि तुकडे शेकड्यांनी होते. बाई कानाला हेडफोन लावून बसल्या. ब्लॉकमधलं कुणाचंही काम घेईनात. सेक्रेटरी आले तर दारातूनच परत. मी जिन्यातून जाता-येता बघायची. त्या ऐकायच्या, आणि कागदावर लिहून नवऱ्याकडे द्यायच्या: 'ही आमच्या समोरच्या क्वार्टरमधली. हिच्या चकल्या दगड असायच्या.' 'ही पोस्टातल्या जोशांची थोरली. खोटं बोलतेय, हिचा नवरा कधीच तुरुंगात गेला नव्हता.' मी रागात होते आणि त्या चिठ्ठ्या वाचून मला हसू येत होतं, आणि हसू आल्याचा पुन्हा राग. माझ्या प्रबंधाच्या अर्ध्या तळटिपा त्या चिठ्ठ्यांतून आल्या. आजी मात्र कुठल्याच आकड्याखाली निघाल्या नाहीत.

माझे मार्गदर्शक मोठे सज्जन होते. मी त्यांच्यासमोर रडले. ते म्हणाले, "अहो, होतं असं. तिसरं प्रकरण गाळा. प्रस्तावनेत टाका, 'तांत्रिक कारणास्तव एका मुलाखतीचे ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही,' आणि पुढे चला." मी तसं टाकलं. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. प्रबंध टाइप होऊन आला, बांधणीला जाणार होता. नवऱ्यानं विचारलं, "बाईंना दाखवायचा नाही? एवढं ऐकलं त्यांनी." मी म्हटलं, दे नेऊन.

दुपारी खालून हाक आली. जुनी, पूर्वीसारखी, सगळा ब्लॉक ऐकेल अशी. "खाली ये! आत्ता!"

मी गेले. टेबलावर प्रस्तावनेचं पान उघडं होतं आणि बाईंचं बोट एका ओळीवर.

"हे तांत्रिक कारण कोण?"

"सरांनी सांगितलं तसं लिहायला."

"सरांनी ती डिस्क बघितली होती? वायर तुटली? यंत्र जळलं? कोण आहे हे तांत्रिक कारण, मला दाखव. अगं, तीन वर्षं बायकांना खरं सांगा, खरं सांगा म्हणत हिंडलीस आणि पहिल्याच पानावर हे? माझ्या खात्यानंसुद्धा हेच लिहिलं होतं, माहितेय? तांत्रिक कारणास्तव जुन्या नोंदी उपलब्ध नाहीत! बिल्कुल चालणार नाही."

"मग काय लिहू?" मीही ओरडले. "तुमचं नाव लिहू?"

"मग कुणाचं लिहिणार?"

"मी लिहीन हं बाई. खरंच लिहीन. पूर्ण नाव."

"वडिलांच्या नावासकट लिही. त्या आजींनी हजेरीला तसंच घेतलं असतं."

मी तिथेच, त्यांच्या टेबलावर, त्यांच्या पेननं लिहिलं. मनात म्हटलं, हवंय ना, घ्या. पण लिहिताना हात आखडला आणि वाक्य झालं ते असं: पहाडगंज येथील शिक्षिकेच्या मुलाखतीचे एकमेव ध्वनिमुद्रण अमुक अमुक यांच्या हातून, वीज गेल्यामुळे, चुकून पुसले गेले.

बाईंनी चष्मा लावून वाचलं. माझ्या हातातून पेन घेतलं. 'वीज गेल्यामुळे' यावर काट मारली. 'चुकून' यावर मारली. तिथे थांबल्या. मला वाटलं, संपलं. मग त्यांनी त्या काटेच्या वर, सरकारी फाइलींवर लिहितात तसल्या सरळ अक्षरात लिहिलं: 'रागाच्या भरात, न बघता'. पेन टेबलावर ठेवलं आणि तोंड खिडकीकडे केलं. 

"जा, टाइप करून आण," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. मला तो ओळखताच आला नाही.

मार्गदर्शकांनी ते पान बघितलं आणि कपाळाला आठी घातली. "अहो, हे काय? हे काढा. प्रबंधात असं कोण लिहितं?"

"बाई लिहितात!" मी म्हटलं, आणि माझा आवाज इतका चढला की शेजारच्या खोलीतले दोघं उठून दारात आले. सरांनी पेनचं टोपण काढलं. त्यांनी सही केली आणि पान तसंच बांधणीला गेलं.